अच्युत कानविंदे

अच्युत पुरुषोत्तम कानविंदे (जन्म : १९१६, आचरे, मालवण तालुका, मृत्यू : २८ डिसेंबर २००२) हे स्वतंत्र भारतातील आधुनिकतावादी वास्तुविशारदांच्या पहिल्या पिढीतील एक प्रमुख वास्तुविशारद होते. विज्ञानसंस्था, शैक्षणिक संकुले व दुग्धशाळा यांच्या इमारतींसाठी ते विशेष प्रसिद्ध आहेत. अमेरिकेत मिळालेले आधुनिक वास्तुकलेचे शिक्षण भारतातील हवामान, उपलब्ध साहित्य आणि बांधकामाच्या पद्धती यांच्याशी जुळवून घेणे, हे त्यांच्या कारकिर्दीचे मुख्य सूत्र होय.

शिक्षण

कानविंदे यांचे वडील चित्रकार होते. अच्युत दोन वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले. १९३५ मध्ये त्यांनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत वास्तुकलेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. तेथे क्लॉड बॅटली हे विभागप्रमुख होते. जुन्या भारतीय वास्तूंचा बारकाईने अभ्यास करण्यावर बॅटली यांचा भर असे.

१९४३ मध्ये कानविंदे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत रुजू झाले. परिषदेचे प्रमुख शांतिस्वरूप भटनागर होते व देशभर नव्या प्रयोगशाळा उभारण्याची योजना आकार घेत होती. प्रयोगशाळांच्या रचनेचे ज्ञान मिळवण्यासाठी सरकारने १९४५ मध्ये त्यांना हार्वर्ड विद्यापीठात पाठवले.

तेथे बाउहाउस या जर्मन कलाशाळेचे संस्थापक वॉल्टर ग्रोपियस त्यांचे गुरू होते. कारखान्यात तयार केलेले भाग जागेवर आणून जोडायचे व घर उभे करायचे, या कल्पनेवर ग्रोपियस यांनी कोनराड वाक्समान यांच्यासह याच दशकात काम केले होते. प्रमाणित मापे, भागांची पुनरावृत्ती आणि अलंकरणापेक्षा उपयोगाला प्राधान्य, ही ग्रोपियस यांच्या विचारसरणीची प्रमुख अंगे होती. १९४७ मध्ये कानविंदे भारतात परतले.

कारकीर्द

परिषदेचे वास्तुविशारद म्हणून काम करताना त्यांचा संबंध विक्रम साराभाई यांच्याशी आला. अहमदाबाद येथील वस्त्रोद्योग संशोधन संस्था (अटिरा) व भौतिकी संशोधन प्रयोगशाळा या त्यांच्या आरंभीच्या महत्त्वाच्या कृती होत. सपाट छपरे, सरळ रेषा व साध्या भिंती यांमुळे त्यांवर ग्रोपियस यांच्या शिकवणीची छाप स्पष्ट दिसते.

१९५५ मध्ये शौकत राय यांच्यासह त्यांनी दिल्लीत स्वतःचा व्यवसाय सुरू केला. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे संकुल हे त्यांचे सर्वाधिक चर्चिले गेलेले काम आहे. पु. का. केळकर हे या संस्थेचे पहिले संचालक होते. येथे काँक्रीटचा सांगाडा उघडा ठेवून मधले भाग विटांनी भरले आहेत. ठरावीक मापांची पुनरावृत्ती येथेही आहे. मात्र ती यंत्राने घडवलेल्या भागांची नसून गवंडी आणि मजूर यांच्या हातून घडणाऱ्या बांधकामाची आहे. ग्रंथालय, व्याख्यानगृहे व प्राध्यापकांची इमारत छायादार मार्गांनी जोडलेली असल्याने उत्तर भारतातील कडक उन्हातही पायी वावरता येते.

मेहसाणा येथील दूधसागर दुग्धशाळेत (१९७० ते १९७३) हा विचार आणखी पुढे गेला. दूध उंचावर नेऊन प्रक्रियेच्या टप्प्यांतून गुरुत्वाकर्षणाने खाली यावे, अशी मांडणी त्यांनी केली. प्रक्रियेत निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकणारी उंच धुराडी हीच इमारतीची ओळख ठरली. आरंभीच्या साध्या पेटीसारख्या आकाराची जागा येथे हवा, उष्णता व काम यांनी ठरवलेल्या आकाराने घेतली.

आणंद येथील राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचे कार्यालय, मुंबईचे नेहरू विज्ञान केंद्र, पुण्याची राष्ट्रीय विमा अकादमी आणि दिल्लीतील इस्कॉन मंदिर या त्यांच्या इतर उल्लेखनीय कृती होत.

लेखन व सन्मान

भारतातील शैक्षणिक संकुलांच्या रचनेवर त्यांनी एच. जेम्स मिलर यांच्यासह ग्रंथ लिहिला. १९५९ मध्ये दिल्लीत ललित कला अकादमीने भरवलेल्या वास्तुकलाविषयक परिसंवादाच्या वृत्तांताचे संपादनही त्यांनी केले. १९७४ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले.