आईच्या बागेतल्या बटाट्याला एक फळ आलं, त्यातून जगप्रसिद्ध वाण निघालं आणि शोधणाऱ्याला मिळाले फक्त १५० डॉलर

छत्रपती संभाजीनगरमध्ये थंडीची चाहूल लागली की गच्चीवर बाग करणाऱ्यांची लगबग सुरू होते. मेथी, पालक, टोमॅटो आणि हौस म्हणून एखाद्या ग्रो बॅगमध्ये बटाटा. बटाटा लावायची पद्धत सगळ्यांना पाठ आहे. जाधववाडीच्या मार्केटमधून आणलेल्या बटाट्यांपैकी कोंब फुटलेला एक उचलायचा, डोळे बघून त्याचे तुकडे करायचे आणि मातीत पुरायचे.

पण बटाट्याला बीसुद्धा असतं, हे किती जणांना माहितीये?

आपण ज्याला बियाण्याचा बटाटा म्हणतो ते खरं तर बेणं. उसाची कांडी लावावी तसं. बटाट्याचं खरं बी येतं त्याच्या फुलानंतर धरणाऱ्या फळात. हे फळ दिसायला हिरव्या चेरी टोमॅटोसारखं असतं. ते विषारी असतं, त्यामुळे खायचं नाही. पण त्याच्या आत टोमॅटोसारखंच बारीक बी असतं.

अशाच एका फळाने अमेरिकेतल्या एका साध्या शेतकऱ्याच्या पोराचं आयुष्य बदललं. त्याचं नाव ल्यूथर बर्बँक.

त्याची गोष्ट कळायला आधी बेणं आणि बी यातला फरक समजून घ्यावा लागतो. मराठवाड्यातल्या माणसाला तो आंब्यावरून लगेच कळेल. केसरचं कलम लावलं की केसरच येणार. केसरची कोय लावली तर काय येईल, याची गॅरंटी कुणीच देत नाही. बटाट्याचंही तसंच आहे. बेणं लावलं की जुन्या झाडाची हुबेहूब कॉपी मिळते. बी लावलं की प्रत्येक रोप वेगळं निघतं.

कॉपीचा धोका जगाने १८४५ मध्ये पाहिला. आयर्लंडमध्ये गरिबांचं पोट बटाट्यावर चालायचं आणि त्यातही मोठा भाग एकाच वाणाचा होता. करपा आला आणि सगळी शेतं एकसारखी सडली. दुष्काळात सुमारे १० लाख माणसं मेली. अमेरिकेतही करपा होताच. त्यामुळे तिथले काही लोक बटाट्याचं बी लावून नवीन वाण शोधायच्या मागे लागले. न्यूयॉर्क राज्यातल्या चॉन्सी गुडरिच नावाच्या पाद्र्याने दक्षिण अमेरिकेतून बटाटे मागवले आणि त्यांच्या बियांपासून 'गार्नेट चिली' हे वाण काढलं. गार्नेट चिलीच्या बियांमधून पुढे 'अर्ली रोझ' निघालं.

हेच अर्ली रोझ बर्बँकच्या आईच्या बागेत लावलेलं होतं.

ल्यूथरचा जन्म ७ मार्च १८४९ चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लँकेस्टरचा. वडिलांचं तो १३वं अपत्य. घरची शेती आणि विटांचा धंदा. शिक्षण शाळेपुरतंच झालं. पण गावच्या लायब्ररीत त्याच्या हाती चार्ल्स डार्विनचं पुस्तक पडलं. माणसाने पाळलेल्या प्राण्यांमध्ये आणि लावलेल्या झाडांमध्ये बदल कसे होत जातात, हा त्याचा विषय. निसर्गात फरक पडतोच, माणसाने त्यातून निवड करायची, एवढी गोष्ट त्याच्या डोक्यात फिट बसली. वडील गेल्यावर वाट्याला आलेल्या पैशांतून त्याने लुनेनबर्गजवळ १७ एकर जमीन घेतली आणि भाजीपाला सुरू केला.

१८७०च्या दशकाची सुरुवात होती. अर्ली रोझला सहसा फळ धरत नाही, पण त्या वर्षी एका झाडाला एकच फळ लागलेलं त्याला दिसलं. तो रोज जाऊन बघायचा. पिकायची वाट बघायची आणि बी काढायचं, असा प्लॅन.

आणि एक दिवस फळ गायब.

कुत्र्याने पाडलं की पक्ष्याने, कळायला मार्ग नव्हता. दुसरा कुणी असता तर सोडून दिलं असतं. हा मात्र पुन्हा पुन्हा जाऊन झाडांच्या आजूबाजूची जमीन शोधत राहिला. शेवटी थोड्या अंतरावर फळ सापडलं. आत बिया निघाल्या फक्त २३.

पुढच्या वसंतात त्याने त्या लावल्या. २३ च्या २३ उगवल्या आणि खणल्यावर प्रत्येक रोपाखाली वेगळाच बटाटा निघाला. कुणाचे डोळे खोल, कुणाचा आकार वेडावाकडा, कुणी अगदीच बारका. दोन रोपं मात्र उजवी होती आणि त्यातलं एक सगळ्यात भारी. मोठे, लांबट, पांढरे बटाटे आणि उत्पन्नही भरपूर.

हा बटाटा त्याने जेम्स ग्रेगरी या बियाणं व्यापाऱ्याला विकला. मागितले होते ५०० डॉलर, मिळाले १५०. ग्रेगरीने दोन गोष्टी मात्र चांगल्या केल्या. वाणाला बर्बँकचं नाव दिलं आणि त्याला सोबत १० बटाटे ठेवू दिले. १८७५ मध्ये त्या पैशांच्या जोरावर बर्बँक थेट कॅलिफोर्नियातल्या सांता रोझाला गेला.

सुरुवातीला हाल झाले. मिळेल ती मजुरी केली, सुतारकाम केलं. मग हळूहळू नर्सरी उभी राहिली. १८८१ मध्ये वॉरन डटन नावाच्या माणसाने त्याला एक अशक्य ऑर्डर दिली. आलुबुखाराची २०,००० कलमं, तीही त्याच हंगामात. बर्बँकने भराभर वाढणारी बदामाची रोपं तयार केली आणि त्यांच्यावर आलुबुखाराचे डोळे भरले. मुदतीत जवळपास सगळी ऑर्डर पूर्ण झाली आणि त्याचं नाव झालं.

नंतरच्या ४०-४५ वर्षांत त्याने ८०० हून अधिक वाणं काढली. 'सांता रोझा' प्लम त्याचाच. 'शास्ता डेझी' हे पांढरं फूलही त्याचंच. पद्धत तीच, २३ बियांची. हजारो रोपं लावायची, रांगेतून फिरत नजरेने पारखायची, दोन-चार ठेवायची आणि उरलेली जाळून टाकायची. १९१५ मध्ये थॉमस एडिसन आणि हेन्री फोर्ड त्याची बाग बघायला आले. भारताशीही त्याचं नातं आहे. परमहंस योगानंद त्याचे मित्र होते आणि १९४६ मध्ये आलेलं आपलं आत्मचरित्र त्यांनी बर्बँकच्या स्मृतीला अर्पण केलं.

पण सगळं गोडगोड नव्हतं. बर्बँक नीट नोंदी ठेवत नसे. कुठल्या झाडाचा कुठल्या झाडाशी संकर केला, हे बऱ्याचदा त्याच्या डोक्यातच असायचं. १९०५ पासून कार्नेगी इन्स्टिट्यूशनने त्याला वर्षाला १०,००० डॉलर द्यायला सुरुवात केली. त्याच्या कामाचा अभ्यास करायला एक शास्त्रज्ञही पाठवला. पण विज्ञानाला उपयोगी पडतील अशा नोंदीच हाती लागेनात आणि काही वर्षांत ही मदत थांबली. जनावरांच्या चाऱ्यासाठी काढलेल्या बिनकाट्याच्या निवडुंगाचा खूप गाजावाजा झाला, पण तो अपेक्षेला उतरला नाही.

१९२६ च्या सुरुवातीला त्याने आपला रूढ धर्मकल्पनांवर विश्वास नसल्याचं जाहीर केलं. देशभरातून पत्रांचा पाऊस पडला, त्यात संतापाची पत्रंही होती. ११ एप्रिल १९२६ ला त्याचं निधन झालं. सांता रोझातल्या त्याच्याच बागेत, देवदाराच्या झाडाखाली त्याला पुरण्यात आलं.

आता त्या बटाट्याचं काय झालं ते बघा.

बर्बँकच्या बटाट्यात पुढे आपोआप एक बदल झाला आणि तपकिरी, खरखरीत सालीचा 'रसेट बर्बँक' मिळाला. अमेरिकेत फ्रेंच फ्राइजचा धंदा वाढला तो याच लांबट बटाट्यावर. आजही उत्तर अमेरिकेत सर्वाधिक लावल्या जाणाऱ्या बटाट्यांमध्ये तो आहे. बर्बँकच्या वाट्याला आले ते १५० डॉलरच.

१९३० मध्ये अमेरिकेने वनस्पतींच्या नवीन वाणांना पेटंट देणारा कायदा केला. त्याखाली बर्बँकला मरणोत्तर १६ पेटंटं मिळाली. पण या कायद्यात कंदापासून लावली जाणारी पिकं वगळलेली आहेत. म्हणजे तो जिवंत असता, तरी बटाट्याचं पेटंट त्याला या कायद्याने मिळालं नसतं.

आणि आपल्याकडे? महाराष्ट्रात पिकणाऱ्या 'कुफरी ज्योती'सारख्या वाणांच्या नावातलं कुफरी हे शिमल्याजवळचं गाव. बटाट्याला फुलं-फळं धरायला मोठा दिवस आणि थंड हवा लागते. ती डोंगरात मिळते, म्हणून संकराचं काम तिथे चालतं. एक हेक्टरला दोन-अडीच टन बेणं लागतं, तिथे खऱ्या बियांनी सुमारे १०० ते १५० ग्रॅममध्ये काम भागतं. त्रिपुरात शेतकऱ्यांनी ही पद्धत वापरलीही आहे.

संभाजीनगरच्या गच्चीवर हिवाळ्याच्या छोट्या दिवसांत बटाट्याला फळ धरणं दुर्मीळ आहे. पण धरलंच, तर तोडून टाकू नका. पिकून मऊ होऊ द्या, बिया धुऊन सावलीत वाळवा आणि पुढच्या थंडीत मिरचीसारखं रोप तयार करा. पहिल्या वर्षी बटाटे बारीक येतील आणि बहुतेक रोपं काही खास निघणार नाहीत. बर्बँकच्याही २३ पैकी २१ गेलीच होती.

आणि फळ हरवलं, तर आजूबाजूला नीट शोधा.