घरखर्चाच्या वहीतला आजार

बँकेच्या नोकरीत कर्जाचे हजारो अर्ज माझ्या हाताखालून गेले. उत्पन्न किती, घरखर्च किती, शिल्लक किती, एवढं पाहायचं आणि सही करायची. त्या घरखर्चाच्या आकड्यामागे कोण पोटभर जेवलं आणि कोण अर्धपोटी झोपलं, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. ते सुचलं एका कारखानदाराच्या मुलाला, तेही शंभराहून अधिक वर्षांपूर्वी.

सीबोम राउंट्री यांचा जन्म १८७१ चा, इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातला. आपली नातवंडं ज्या किटकॅटसाठी हट्ट धरतात, ते मूळचं याच घराण्याच्या कंपनीचं. घराणं क्वेकर पंथाचं. मँचेस्टरला रसायनशास्त्र शिकून सीबोम १८८९ मध्ये वडिलांच्या कारखान्यात रुजू झाले. प्रौढांच्या वर्गात शिकवताना कामगारांची घरं त्यांना जवळून कळली.

गरीब माणूस गरीब राहतो तो आळसामुळे आणि दारूमुळे, अशी त्या काळच्या सुखवस्तू लोकांची पक्की समजूत. राउंट्रींनी वाद घातला नाही, हिशेब मांडला. १८९९ मध्ये घरोघर माणसं पाठवून त्यांनी ११,५६० कुटुंबांची माहिती गोळा केली. नवरा, बायको आणि तीन मुलं केवळ धडधाकट राहायची, तर आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स हवेत, असं गणित निघालं. त्यात वर्तमानपत्र नाही, टपालाचं तिकीट नाही, मुलीला बाहुलीसुद्धा नाही. आणि बिगारी मजुराची मजुरी होती १८ ते २१ शिलिंग! म्हणजे दारूच्या थेंबालाही न शिवणाऱ्या घराची वजाबाकी चुकतच होती.

१९०१ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. यॉर्कची जवळजवळ २८ टक्के वस्ती दारिद्र्यात होती. दारू-जुगाराचा वाटा त्यांनी लपवला नाही. पण सुमारे १० टक्के लोकांची मिळकतच पुरेशी नव्हती आणि त्याचं सर्वांत मोठं कारण होतं अपुरी मजुरी. सर्वांत गरीब वस्तीत हजारातली २४७ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी दगावत. नोकरचाकर ठेवणाऱ्या घरांत ९४. गरीब वस्तीतला तेरा वर्षांचा मुलगा सुस्थितीतल्या कामगाराच्या मुलापेक्षा साडेतीन इंचांनी बुटका होता.

मला सर्वांत चटका लावून गेली ती त्या घरांतली आई. मुलाला बूट घ्यायचे, तर पैसे जेवणातूनच काढायचे. कमावत्या नवऱ्याचं ताट कमी करून चालत नसे. मग ती आणि पोरं उपाशी राहत.

राउंट्री पुस्तकावर थांबले नाहीत. १९०६ मध्ये त्यांच्या कारखान्यात निवृत्तिवेतन सुरू झालं. १९३६ आणि १९५० मध्ये त्यांनी यॉर्कची पुन्हा पाहणी केली. शेवटच्या पाहणीत दारिद्र्य दोन टक्क्यांच्याही खाली आलेलं त्यांना दिसलं. १९५४ मध्ये ते गेले.

आपल्या पुण्यात १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी २,२५० उष्मांकांचा आधार घेऊन भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला, तोही याच वाटेवरचा.

आज ते अर्ज पुन्हा समोर आले, तर मी शिल्लक नंतर पाहीन. आधी विचारीन, घरात शेवटी कोण जेवतं, आणि तेव्हा टोपलीत किती भाकरी उरलेल्या असतात?