अजिंक्य जो डेव्हिस

मुलांनो, तुम्ही कॅरम खेळता. नेम धरून मारलेली सोंगटी बरोबर कोपऱ्यात गेली की किती आनंद होतो! आता अशी कल्पना करा, की कॅरमचा बोर्ड १२ फूट लांब आणि ६ फूट रुंद आहे. त्यावर हिरवे लोकरी कापड ताणून बसवले आहे. सोंगट्यांच्या जागी चेंडू आहेत आणि बोटाच्या जागी लांब लाकडी काठी. या काठीला क्यू म्हणतात. क्यूने फक्त पांढऱ्या चेंडूला टोला द्यायचा आणि त्या चेंडूने इतर रंगीत चेंडू टेबलाच्या कडेच्या ६ पॉकेटांत पाठवायचे. हाच स्नूकरचा खेळ.

तुम्हांला नवल वाटेल, पण हा खेळ जन्मला आपल्याच देशात. १८७५ साली जबलपूर येथे इंग्रज लष्करी अधिकारी पावसाळ्याचे दिवस बिलियर्ड्‌स खेळून घालवत असत. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने त्यात आणखी रंगीत चेंडू मिसळून नवा खेळ तयार केला. लष्करी विद्यालयातील पहिल्या वर्षाच्या नवख्या विद्यार्थ्याला त्या काळी थट्टेने स्नूकर म्हणत. खेळताना चुकलेल्या एका सोबत्याला चेंबरलेनने याच नावाने हाक मारली आणि ते नाव खेळालाच चिकटले!

पुढे हा खेळ इंग्लंडला गेला. पण तेथे त्याला कोणी फारशी किंमत देईना. बिलियर्ड्‌स हाच खरा खेळ आणि स्नूकर म्हणजे सामना संपल्यावर उरलेला वेळ घालवण्याचे साधन, असे लोक मानत. ही समजूत ज्याने बदलली, त्या जो डेव्हिसची ही हकीकत आहे.

जोचा जन्म १५ एप्रिल १९०१ रोजी इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात, व्हिटवेल या गावी झाला. त्याचे वडील कोळशाच्या खाणीत काम करत. पुढे ते काम सोडून त्यांनी चेस्टरफील्ड शहराजवळ हॉटेल चालवायला घेतले. त्या हॉटेलात बिलियर्ड्‌सचे एक टेबल होते. जोला त्या टेबलाचे वेडच लागले. अर्नेस्ट रज या शिक्षकाने त्याला खेळाचे धडे दिले. वयाच्या अवघ्या १३ व्या वर्षी जोने आपल्या भागातील हौशी खेळाडूंची बिलियर्ड्‌स स्पर्धा जिंकली.

एक गोष्ट मात्र त्याच्या विरुद्ध होती. त्याला उजव्या डोळ्याने फारच कमी दिसे. नेमबाजीच्या खेळात एक डोळा अधू असणे ही केवढी अडचण! इतर खेळाडू क्यू हनुवटीच्या बरोबर मध्यभागी धरत. जोने ती रीत सोडली. त्याने क्यू डाव्या डोळ्याखाली आणला आणि त्या एका डोळ्याने नेम साधण्याची सवय केली.

मोठेपणी डेव्हिस बिलियर्ड्‌सचे विश्वविजेते झाले, तेही चार वेळा. पण त्यांचे लक्ष स्नूकरकडे लागले होते. नॉटिंगहॅमचे टॉम डेनिस या खेळाडूने १९२४ मध्येच बिलियर्ड्‌सच्या संघटनेला स्नूकरची व्यावसायिक स्पर्धा भरवण्याविषयी सुचवले होते. प्रेक्षक तिकीट काढून हा खेळ पाहायला येतील, याची संघटनेला खात्री वाटेना. डेव्हिस यांनी हार मानली नाही. बर्मिंगहॅम येथील हॉलचे मालक बिल कॅमकिन यांना बरोबर घेऊन त्यांनी स्पर्धेचा आराखडा तयार केला. शेवटी संघटनेने मान्यता दिली.

स्पर्धेला खेळाडू आले अवघे १०. मे १९२७ मध्ये बर्मिंगहॅमला अंतिम सामना झाला. डेव्हिस यांनी टॉम डेनिस यांना २० विरुद्ध ११ डावांनी हरवले. बक्षीस किती मिळाले असेल? साडेसहा पौंड! जमलेल्या पैशांतून संघटनेने एक चांदीचा करंडक विकत घेतला. स्नूकरच्या विश्वविजेत्याला आजही तोच करंडक देतात.

पुढची वाट काही सोपी नव्हती. १९३१ साली तर स्पर्धेत दोनच खेळाडू उतरले, डेव्हिस आणि डेनिस. तो सामना डेनिस यांच्याच हॉटेलाच्या मागच्या खोलीत खेळला गेला. दुसऱ्या कोणी ही स्पर्धा केव्हाच बंद केली असती. पण डेव्हिस खेळत राहिले, जिंकत राहिले आणि हळूहळू प्रेक्षक वाढत गेले. १९४० मध्ये त्यांच्यासमोर अंतिम सामन्यात उभा होता त्यांचाच धाकटा भाऊ फ्रेड. फ्रेड त्यांच्याहून १२ वर्षांनी लहान. तो सामना ३७ विरुद्ध ३६ अशा एका डावाच्या फरकाने थोरल्या भावाने जिंकला. मग महायुद्धामुळे स्पर्धा काही वर्षे भरली नाही. १९४६ मध्ये ती पुन्हा भरली, तेव्हाही डेव्हिस हेच विजेते ठरले. १९२७ पासूनची ही त्यांची १५ वी अजिंक्यपदे. या स्पर्धेत ते एकदाही हरले नाहीत.

त्याच वर्षी त्यांनी या स्पर्धेतून निवृत्ती घेतली. मात्र इतर सामने ते खेळतच राहिले आणि बरोबरीच्या खेळात फ्रेडशिवाय त्यांना कोणी हरवू शकले नाही. याचा परिणाम काय झाला, तेही सांगायला हवे. नवा विश्वविजेता झाला तरी लोक म्हणत, खरा श्रेष्ठ खेळाडू तर स्पर्धेबाहेरच बसला आहे! स्पर्धेचे तेज कमी झाले. १९५७ नंतर काही वर्षे ती बंदच पडली. जे रोप डेव्हिस यांनी हाताने लावले, त्यावर त्यांचीच सावली पडली, असे मला वाटते.

आता थोडे गणित करू या. स्नूकरमध्ये १५ लाल चेंडू असतात. लाल चेंडूचा १ गुण आणि सर्वांत मोठ्या काळ्या चेंडूचे ७ गुण. प्रत्येक लाल चेंडूनंतर एक रंगीत चेंडू घ्यायचा असतो. प्रत्येक वेळी काळाच घेतला, तर १५ गुणिले ८ म्हणजे १२० गुण होतात. त्यानंतर पिवळा, हिरवा, तपकिरी, निळा, गुलाबी आणि काळा या क्रमाने २, ३, ४, ५, ६ आणि ७ मिळून २७ गुण. एकूण १४७. एकही चूक न करता हे सारे साधणे किती कठीण! २२ जानेवारी १९५५ रोजी लंडनच्या लेस्टर स्क्वेअर हॉलमध्ये, विली स्मिथ या जुन्याजाणत्या खेळाडूविरुद्ध, ५३ वर्षांच्या डेव्हिस यांनी ते साधले. पण तो सामना आपल्या नियमांप्रमाणे झाला नाही, असे म्हणून संघटनेने विक्रम मान्य केला नाही. त्यासाठी १९५७ उजाडावे लागले. अशा विक्रमाची अधिकृत नोंद होण्याची ती पहिलीच वेळ.

डेव्हिस यांच्या काळात खेळाडूंचे क्रमांक लावण्याची पद्धत नव्हती. ती १९७६ मध्ये सुरू झाली. पुढच्याच वर्षी विश्वस्पर्धा शेफिल्ड शहरातील क्रूसिबल नाट्यगृहात भरू लागली. ज्या चेस्टरफील्डमध्ये जो लहानाचा मोठा झाला, तेथून हे शहर जवळच आहे. १९७८ साली तेथे उपान्त्य सामना होता. खेळत होते ६४ वर्षांचे फ्रेड आणि दक्षिण आफ्रिकेचे पेरी मॅन्स. प्रेक्षकांत ७७ वर्षांचे जो बसले होते. भावाचा एकेक फटका ते जीव मुठीत धरून पाहत होते. सामना पाहता पाहताच त्यांची प्रकृती बिघडली. फ्रेड तो सामना १६ विरुद्ध १८ डावांनी हरले. १० जुलै १९७८ रोजी जो डेव्हिस यांचे निधन झाले. फ्रेड मात्र सत्तरी ओलांडल्यावरही स्पर्धांमध्ये खेळत राहिले.