नेटवर्क गेलं तरी नोंद राहिली पाहिजे: नानाभॉय मूस यांची गोष्ट

मी अकोल्याचा. मागच्या उन्हाळ्यात मेळघाटात, धारणीकडे मावशीच्या घरी गेलो होतो. २०१८ मध्ये याच तालुक्यातल्या सादराबाडीत लोकांना धक्के जाणवले होते, तेव्हापासून मावशीला जमिनीची धास्ती. म्हटलं, आपण मोजून दाखवू. स्मार्टफोनमध्ये हालचाल मोजणारा सेन्सर असतोच. एक अ‍ॅप टाकलं आणि रात्रभर फोन फरशीवर ठेवला. सकाळी पाहतो तर काय, रात्री अकराला नेटवर्क गेलं आणि पुढची नोंदच नाही! अ‍ॅप सगळं थेट सर्व्हरला पाठवत होतं, फोनमध्ये काहीच ठेवत नव्हतं. मावशीला सांगायला माझ्याकडे काहीच उरलं नाही.

तेव्हा मला नानाभॉय मूस आठवले. जन्म १८५९ चा. एडिंबरा विद्यापीठात शिकून आले आणि १८९६ मध्ये मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. पुढच्याच वर्षी, १२ जून १८९७ ला, आसामात प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर कलकत्ता, कुलाबा आणि कोडाईकनालला मिल्न भूकंपमापक बसले.

हे यंत्र म्हणजे आडवा लंबक. त्याच्या हालचालीनुसार प्रकाशाचा ठिपका हळूहळू सरकणाऱ्या फोटोच्या कागदावर रेघ ओढायचा. घड्याळ त्यावर तासातासाला खूण करायचं. कागद म्हणजे मेमरी कार्ड, खूण म्हणजे टाइमस्टॅम्प. नोंदी जहाजाच्या टपालाने इंग्लंडला मिल्न यांच्याकडे जायच्या. पोचायला आठवडे लागले तरी बिघडत नसे, कारण नोंद आधीच कागदावर होती आणि तिच्यावर वेळ होती.

मूस यांची खरी परीक्षा वेगळ्याच गोष्टीने घेतली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या. त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडल्या असत्या, आणि त्या तर १८४६ पासूनच्या! मूस यांनी अलिबागला लोखंड न वापरता नवी वेधशाळा उभारली. पण जुनी लगेच बंद केली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे मोजमाप चालू ठेवलं, म्हणजे दोन्ही मालिका एकमेकींना नीट जोडता याव्यात. १९१० मध्ये त्यांनी साठ वर्षांची आकडेवारी छापून काढली. १९१९ ला निवृत्त झाले, १९३६ ला वारले.

आजचं भूकंप केंद्रही हेच करतं, भाऊ. यंत्र जीपीएसची वेळ लावून आधी स्वतःच्या मेमरीत लिहितं. मग डेटाची छोटी पाकिटं, बहुतेकदा ५१२ बाइटची, क्रमांक टाकून पाठवली जातात. लिंक तुटली की सर्व्हर नंतर शेवटचा क्रमांक सांगतो आणि पुढची पाकिटं मागून घेतो. जागा कमी पडू नये म्हणून प्रत्येक आकडा पूर्ण न लिहिता मागच्यापेक्षा किती बदलला तेवढंच साठवतात. मात्र मेमरी भरली की सर्वात जुनं पुसलं जातं, त्यामुळे लिंक फार दिवस बंद राहिली तर भोक पडतंच.

म्हणून तुम्हीही असं अ‍ॅप घेतलं, तर आधी एअरप्लेन मोडवर टाकून तासभर चालवा आणि नोंद फोनमध्ये राहते का ते बघा. निघून गेलेला क्षण पुन्हा मोजता येत नाही. यंदा मी मावशीकडे असंच तपासलेलं अ‍ॅप घेऊन जाणार आहे.