उद्योगमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर

द्वितीय वर्ष, कला

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे शिकून शेवटी होते काय, हा प्रश्न मला घरी, पारावर आणि एस. टी.त वारंवार भेटतो. त्याचे उत्तर शोधताना माझी गाठ पडली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या चरित्राशी. नवे ज्ञान माणसाच्या डोक्यातून कारखान्यात आणि कारखान्यातून शेतात कसे उतरते, याचा जणू धडाच त्यांच्या आयुष्यात आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. पण त्यांना काही रंग नीट ओळखू येत नसत. चित्रकाराला याहून मोठे दुर्दैव कोणते? परंतु ते रडत बसले नाहीत. रंग सोडले, रेषा धरली. यंत्रांची चित्रे काढता काढता यंत्रेच समजून घेतली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. तेथे हक्काची बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी नोकरी सोडून बेळगाव गाठले. बंधू रामूअण्णांसह १८८८ साली सुरू केलेले सायकलचे दुकान तेथे होतेच.

तेथे प्रथम कडबा कापण्याचे यंत्र आणि पुढे, १९०३ च्या सुमारास, लोखंडी नांगर तयार झाला. नांगर उत्तम होता. पण गिऱ्हाईक फिरकेना! लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. आज आपल्याला त्या समजुतीचे हसू येते. पण मित्रांनो, ज्याचे वर्षाचे पोट एका रानावर अवलंबून आहे, तो नव्या वस्तूला एकदम हात कसा लावील? नुसत्या युक्तिवादाने ही भीती जाणारी नव्हती. नांगर रानात चालला, खोलवरची माती वर आली, पीक डोळ्यांना दिसले, तेव्हा ती गेली.

पुढे बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला लावली. त्या वेळी आधार मिळाला तो आपल्या खटाव तालुक्यातील औंधचा. औंधला सभामंडप बांधण्याचे काम लक्ष्मणरावांकडे होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि गुणांचे पारखी. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ व बिनव्याजी दहा हजार रुपये दिले. निवडुंग व साप यांनी भरलेल्या त्या ३२ एकरांवर १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला.

मला खरे नवल वाटते ते यापुढचे. यंत्र पैसे टाकून आणता येते. पण यंत्राची जाण कोठून आणायची? आसपासच्या खेड्यांतील माणसांनी तोवर कारखाना पाहिलेला नव्हता. लक्ष्मणरावांनी त्यांनाच हाताशी धरून कारागीर बनविले. शंभूराव जांभेकर यांच्यासारखे सहकारी काम करता करता यंत्रविद्येत निष्णात झाले. पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर येईनासे झाले आणि मागणी वाढली. लोखंड-कोळशाची टंचाई असतानाही वाडी ती मागणी पुरवू शकली, कारण विद्या एकट्या मालकाच्या डोक्यात अडकलेली नव्हती. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झाले. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९२६ मध्ये पदवी घेऊन वाडीच्याच कामाला लागले.

हेच नांगर विकण्यासाठी एक तरुण गावोगाव हिंडत होता. ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील! त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. नांगर दारोदार नेताना त्यांनी खेड्याचे अज्ञान जवळून पाहिले असेल, असे मला नेहमी वाटते. माझ्यासारखी खेड्यातली मुले आज कॉलेजात दिसतात, त्यात या भटकंतीचाही वाटा असावा.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. तोवर पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बंगलोरला विजेच्या मोटारींचा कारखाना उभा राहिला होता.

आमच्याकडे वाफसा आल्याशिवाय पेरत नाहीत. कोरड्या ढेकळांत चांगले बियाणेही वाया जाते. संस्थेचे तसेच आहे. मग ती कारखाना असो, सोसायटी असो वा कॉलेज. ज्ञान कपाटात भरून ती ज्ञानी होत नाही. शेवटच्या माणसाच्या हातात ते यावे लागते, आणि त्याच्या शंकेलाही मान द्यावा लागतो. आपण पदवी घेऊन गावाकडे पाठ फिरवली, तर शिकून काय होते हा पारावरचा प्रश्न खराच ठरेल. जे शिकलो ते घरच्या माणसाला पटेल, वापरता येईल अशा रीतीने सांगणे, हे आपल्या वाट्याचे काम आहे. ते लक्ष्मणरावांच्या कामाइतके मोठे नाही. पण जात तीच आहे.