मृत्यूचा हिशेब मागणारी परिचारिका

हाती दिवा घेऊन रात्री रुग्णशय्यांमधून फिरणारी करुणामूर्ती, एवढीच फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची ओळख शालेय पुस्तकांनी रूढ केली. ती खोटी नाही. अपुरी मात्र निश्चितच आहे. कारण नाइटिंगेलबाईंच्या कार्याचा खरा आधार दिव्याइतकाच नोंदवहीचाही होता.

१२ मे १८२० रोजी एका सधन इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गणिताची ओढ त्यांना लहानपणापासूनच होती. नोव्हेंबर १८५४ मध्ये, क्रिमियन युद्धाच्या काळात, ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात रुजू झाल्या. तेथे घाण होतीच. पण दप्तरातील गोंधळही तितकाच भयानक होता. मृतांची नोंद तीन ठिकाणी होई आणि तिन्ही ठिकाणचे आकडे निरनिराळे निघत. सैनिक किती मेले हेच जेथे निश्चित नाही, तेथे ते कशाने मेले हे कोण सांगणार? फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ च्या घरात होते. मार्चमध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने गटारे साफ करविली, हवा-पाण्याची व्यवस्था सुधारली. जूनमध्ये ते शेकडा २ च्या आसपास आले.

युद्धानंतर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने त्यांनी हे आकडे पारखले. शत्रूच्या शस्त्रांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक बळी घेतले होते. एवढ्यावर न थांबता त्यांनी शांततेच्या काळातील बराकींचा हिशेब मांडला. निवडून घेतलेले धडधाकट तरुण सैनिक त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरत होते. समान वयाच्या गटांची तुलना केल्यामुळेच हे सत्य उघड झाले. आपल्याच रुग्णालयाचे भीषण आकडेही त्यांनी झाकून ठेवले नाहीत. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

भारतात त्या कधीही आल्या नाहीत. तथापि १८५९ मध्ये येथील लष्कराच्या आरोग्यासाठी शाही आयोग नेमला गेला, तेव्हा प्रत्येक छावणीकडे पाठविलेली प्रश्नावली त्यांनीच तयार केली. पाणी, निचरा, बराकी, रोग, मृत्यू यांविषयी सर्वांना एकच प्रश्न विचारले गेले, म्हणूनच उत्तरांची तुलना शक्य झाली. गोऱ्या सैनिकांचे मृत्युप्रमाण दरहजारी ६९ असल्याचे १८६३ च्या अहवालाने दाखविले. १८७३ पर्यंत ते १८ वर आल्याचे त्यांनी पुढे नमूद केले.

परंतु ही मोजणी मुख्यत: राज्यकर्त्यांच्या सैन्याची होती. छावणीबाहेरच्या रयतेचे मरण कोणी मोजायचे? हा प्रश्न नाइटिंगेलबाईंनाही पुढे अस्वस्थ करू लागला. दुष्काळ, कालवे, खेड्यांतील स्वच्छता यांविषयी त्या अखंड लिहीत राहिल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांनी पत्रव्यवहार केला. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांचे निधन झाले.

जन्ममृत्यूची नोंद आणि जनगणनेचे तक्ते आजही मुख्यत: कारकून आणि शिक्षक यांच्याच हातून भरले जातात. हे काम पुष्कळदा निव्वळ उपचार म्हणून उरकले जाते. ज्याचे मरण नोंदले जात नाही, त्याच्या रोगावर सरकारी पैसा खर्च होत नाही. आणि अंदाजाने भरलेला रकाना रिकाम्या रकान्याहून घातक ठरतो, कारण रिकामा रकाना निदान अज्ञान कबूल करतो. नाइटिंगेलबाईंचे स्मरण केवळ दिव्यापुरते ठेवणे म्हणूनच परवडणारे नाही.