वसईचे वीर चिमाजी अप्पा

बालमित्रांनो, थोरल्या बाजीराव पेशव्यांचे नाव कुणाला ठाऊक नाही? पण त्यांच्या धाकट्या भावाची गोष्ट आपल्या ठाणे जिल्ह्याशी जास्त जवळची आहे. ते म्हणजे चिमाजी अप्पा. वडील बाळाजी विश्वनाथ भट, हेही पेशवेच. अप्पांची तब्येत लहानपणापासून नाजूक. बाजीराव सदा घोड्यावर, तर अप्पा पुष्कळदा पुण्यात राहून कारभार बघत. पण वेळ आली की तेही तलवार घेऊन निघत. १७३६ साली त्यांनी सिद्दी सातासारख्या जबर शत्रूला लढाईत मारले.

त्या काळी साष्टी, ठाणे, वसई हा सगळा मुलूख पोर्तुगीजांकडे होता. लोकांना आपले सणवार, लग्नकार्ये उघडपणे करता येत नसत. देवळे पाडली गेली होती. अंजूरचे गंगाजी नाईक यांनी ही गाऱ्हाणी पेशव्यांपर्यंत नेली. अंजूर म्हणजे आपल्या भिवंडीजवळचेच! खाडीतल्या वाटा दाखवायला अशी इथलीच माणसे पुढे झाली. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी खाडी ओलांडून ठाण्याचा किल्ला घेतला. पोर्तुगीजांनी तो अजून पुरता बांधलाही नव्हता. आज तिथे तुरुंग आहे.

वसई मात्र हाती लागेना. तिन्ही बाजूंना पाणी आणि दलदल, चौथ्या बाजूला भक्कम तट. दोन वर्षे झाली तरी काही जमेना. शेवटी १७३९ च्या सुरुवातीला अप्पा स्वतः वसईला गेले. तिकडे दिल्लीत नादिरशहा येऊन बसलेला. वसईत अडकलेले सैन्य लवकर मोकळे व्हावे म्हणून बाजीराव वाट बघत होते. शिवाय पावसाळा तोंडावर. पाऊस लागला की सगळी मेहनत वाया!

अप्पा मोठे देवभक्त. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी त्यांचे गुरू. मोठे काम काढले की ते स्वामींना पत्र लिहीत, आशीर्वाद मागत. या मोहिमेत त्यांनी वडवलीच्या वज्रेश्वरी देवीला नवस बोलला, असे आपल्याकडे परंपरेने सांगतात. वसई मिळाली तर तुला किल्ल्यासारखे देऊळ बांधीन, असा तो नवस.

पण नवस बोलून अप्पा हात जोडून बसले नाहीत हं! तटाखाली सुरुंग खणायचे काम रात्रंदिवस चालले होते. वरून तोफा, बंदुका. मे महिन्यात सुरुंग उडवले. एक सुरुंग उशिरा उडाला आणि आपलीच कितीतरी माणसे त्यात गेली. तरी माणसे मागे हटली नाहीत, पुन्हा चढली. मराठ्यांची हजारो माणसे पडली. अखेर पोर्तुगीजांनी तह केला.

मला अप्पांची सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती यानंतरची. एवढी माणसे गमावल्यावर कुणालाही सूड घ्यावासा वाटेल. अप्पांनी तसे केले नाही. पोर्तुगीजांना बायकामुले आणि सामानासह, मानाने निघून जायला आठ दिवस दिले. जे मागे राहतील त्यांनी आपला धर्म खुशाल पाळावा, असेही तहात होते. विजयाची खबर स्वामींना कळवताना अप्पांनी यश त्यांच्या आशीर्वादाचे मानले. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या. त्यांतली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे.

नवस मात्र फिटला. वसईचे सुभेदार शंकर केशव फडके यांनी टेकडीवर देऊळ बांधले. ते खरोखर किल्ल्यासारखे दिसते. दरवाजावर नगारखाना आहे, वर जायला बावन्न पायऱ्या आहेत. चैत्रात तिथे जत्रा भरते.

पुढे एप्रिल १७४० मध्ये नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव वारले. अप्पांची प्रकृती ढासळलेलीच होती. त्याच वर्षी १७ डिसेंबरला पुण्यात तेही गेले. मुलगा सदाशिव तेव्हा दहा वर्षांचा होता. पुढे पानिपतावर लढलेले सदाशिवरावभाऊ ते हेच. अप्पांची समाधी पुण्याला मुठेच्या काठी, ओंकारेश्वराच्या देवळाजवळ आहे.